कॉर्डलेस माइक घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गणपती तोंडावर आले की या सदराच्या टपालात माइकचे प्रश्न वाढतात. या खेपेच्या बहुतेक पत्रांचा रोख डिजिटल कॉर्डलेसवर होता. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या वाद्यवृंदाने २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे चार डिजिटल माइक घेतले. तालमीच्या हॉलमध्ये आवाज एकदम स्वच्छ. प्रयोगाच्या दिवशी दुपारी नाट्यगृहातही काही अडचण आली नाही. रात्री हाऊसफुल्ल प्रयोगात मात्र दुसऱ्या गाण्यापासून दोन माइक मधूनमधून बंद पडू लागले. खरखर नाही, काही नाही, आवाज सरळ गायब. रिसीव्हर, म्हणजे माइकचा सिग्नल झेलणारे डबे, प्रेक्षागृहाच्या मागे मिक्सरजवळ ठेवले होते. माइक खराब निघाले का? (कोथरूड)

उत्तर : माइक बहुधा ठणठणीत आहेत. दुपार आणि रात्र यांत फरक पडला तो भरलेल्या खुर्च्यांचा आणि त्या खुर्च्यांवरच्या खिशांतल्या फोनांचा.

२४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, म्हणून सगळ्यांनी तिथेच बिऱ्हाड थाटले आहे. वाय-फाय तिथे, ब्लूटूथ तिथे, बिनतारी माऊसही तिथेच. वाय-फायचे नेहमीचे तीन चॅनल म्हणजे १, ६ आणि ११. त्यांचे मध्यबिंदू २४१२, २४३७ आणि २४६२ मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येक चॅनल सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद. तीन राऊटर जोरात चालू असले की पट्टा जवळजवळ भरलाच. तुमचा माइक उरलेल्या फटींतून उड्या मारत वाट काढतो. रिकाम्या नाट्यगृहात फटी भरपूर असतात. शेकडो फोन, त्यांतले कितीतरी वाय-फाय शोधणारे आणि काही हॉटस्पॉट चालू ठेवलेले, असे आत आले की फटी बुजतात. ‘कृपया फोन सायलेंटवर ठेवा’ या घोषणेने घंटी बंद होते, फोनचा रेडिओ नाही.

दुसरे कारण पाणी. माणसाचे शरीर बरेचसे पाण्याचे, आणि या वारंवारितेच्या लहरी ते चांगल्याच शोषून घेते. रंगमंच ते मिक्सर या वाटेवर प्रेक्षकांच्या रांगा बसल्या की दुपारी मोकळी असलेली वाट रात्री अडते.

आता खरखर का नाही, हे. अ‍ॅनालॉग माइक मरण्याआधी कण्हतो : सुस्कारे, फुसफुस, मग खरखर. ऑपरेटरला सावध व्हायला वेळ मिळतो. डिजिटल माइकमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात जातो. पुरेसे आकडे पोचले तर आवाज पूर्ण स्वच्छ, नाही पोचले तर शांतता. म्हणून डिजिटल रिसीव्हर वापरताना कानांवर विसंबून चालत नाही, सिग्नलच्या पट्ट्यांवर डोळा ठेवावा लागतो.

नवीन माइक घेण्याआधी एवढे करून पाहा. रिसीव्हर मिक्सरजवळून उचलून विंगेत आणा आणि तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआर, म्हणजे आवाजाची नेहमीची माइक केबल टाका. अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६ डेसिबलने घटतो. मागे २४ मीटरवर असलेला रिसीव्हर ६ मीटरवर आला तर १२ डेसिबल हाती लागतात, म्हणजे सोळापट ताकद, आणि तीही फुकट. रिसीव्हर जमिनीवर किंवा पेटीमागे ठेवू नका. तो डोक्याच्या उंचीच्या वर, साधारण दोन मीटरवर असावा आणि गायक त्याच्या अँटेनाला दिसला पाहिजे.

मग तुमच्याच साऊंडवाल्याचा राऊटर शोधा. डिजिटल मिक्सर टॅबवरून चालवण्यासाठी जो छोटा राऊटर लावतात, तो अनेकदा नेमका रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवलेला असतो. त्याची ताकद १०० मिलिवॅटपर्यंत, तुमच्या माइकची १०च्या आसपास. राऊटर ५ गिगाहर्ट्झवर न्या, २.४ बंद करा आणि किमान तीन मीटर लांब ठेवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

एवढे करूनही या पट्ट्यावर भरल्या नाट्यगृहात चारही माइकचा भरवसा देता येणार नाही. शाळेचे संमेलन, व्याख्यान, शंभर-दीडशे श्रोत्यांची मैफल यांना २.४ चालतो. तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तर यूएचएफ, म्हणजे काही शे मेगाहर्ट्झवर चालणारे माइक घ्या.

प्रश्न : यूएचएफ घ्यायचे ठरवून बुधवार पेठेत तापकीर गल्लीत चौकशी केली. एका दुकानात चार माइकचा संच फार स्वस्तात मिळतोय. डब्यावर ‘७४०–७९० मेगाहर्ट्झ’ असे छापले आहे. घ्यावा का? (नारायण पेठ)

उत्तर : नाही. फुकट मिळाला तरी नाही.

७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आता मोबाइलचा आहे. २०२२च्या लिलावात रिलायन्स जिओने त्याचा एक भाग देशभरासाठी घेतला आणि त्यावर ५जी चालते. या पट्ट्यात ७०३ ते ७४८ हा भाग फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांचा आणि ७५८ ते ८०३ हा टॉवरकडून फोनकडे येणाऱ्यांचा. तुम्ही सांगता त्या संचाच्या दोन्ही टोकांवर हे पाहुणे बसलेले आहेत. वरचा भाग टॉवरच्या कायमच्या आवाजाने भरलेला, खालच्या भागात पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाने फोन उघडला की धक्का. मधला दहा मेगाहर्ट्झचा तुकडा तेवढा मोकळा दिसतो, पण दोन्ही बाजूंनी एवढी ताकद असताना स्वस्त रिसीव्हरच्या गाळण्या तिथे टिकत नाहीत. त्याच्या वर ८२४ ते ८४४, ८६९ ते ८८९ आणि पुढे ९००चा पट्टा हेही मोबाइलचेच. असे जुने संच बाजारात स्वस्त होतात, त्यामागे हे एक कारण असते.

डब्याच्या मागचा शिक्का वाचायची सवय लावा. संचाला कंपनी जे अक्षरी-अंकी नाव देते ते बँडचे, म्हणजे संच ज्या पट्ट्यात चालतो त्याचे असते. एकाच मॉडेलचे चार-पाच बँड निघतात आणि दिसायला सगळे जुळे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला संच म्हणूनच जपून घ्यावा : तिथे चालणारा बँड इथे चालेलच असे नाही. आपल्यासाठी ५०० ते ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा बँड मागा. दुसरे म्हणजे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा बिनतारी उपकरणांना ईटीए नावाची मान्यता देते. त्या मॉडेलची मान्यता आणि त्या बँडला परवाना लागतो की नाही, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि बिलावर बँडचा आकडा लिहून घ्या. ‘साहेब, सगळे हेच नेतात’ हे उत्तर पुरेसे समजू नका.

प्रश्न : मी सुगम संगीताचे कार्यक्रम करते. माझा चांगल्या कंपनीचा अ‍ॅनालॉग कॉर्डलेस आहे. डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो असे आमचे तबलजी म्हणतात. बदलावा का? (एरंडवणे)

उत्तर : तबलजी म्हणतात ते खरे आहे, पण किती उशिरा ते पाहू. चांगल्या डिजिटल संचांत हा उशीर दोन ते चार मिलिसेकंदांचा असतो. सेनहायझरच्या ईडब्ल्यू-डी मालिकेत तो १.९, शुअरच्या क्यूएलएक्स-डीमध्ये २.९च्या आत. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तुमचा मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, पायांपासून दोन मीटरवर असेल तर त्याचा आवाज कानाशी यायला सहा मिलिसेकंद लागतातच, आणि त्याबद्दल कधी कोणी तक्रार केली नाही.

अडचण येते ती कानात इयरफोन घालून गाणाऱ्यांना. आपलाच आवाज हाडांतून तत्काळ पोचतो आणि इयरफोनमधून थोडा मागून. दोन्ही मिसळून तो पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. इथे उशिरांची बेरीज करावी लागते : माइकचे तीन, डिजिटल मिक्सरचे एक-दोन, कानातली यंत्रणाही डिजिटल असेल तर तिचे आणखी. बेरीज पाचच्या आसपास राहिली तर निभावते. दहाच्या पुढे गेली तर गायिकेला कारण कळत नाही, पण गाणे अवघडल्यासारखे होते. ब्लूटूथचे इयरफोन किंवा ब्लूटूथ स्पीकर रंगमंचावर कधीही नको. तिथे उशीर शंभर मिलिसेकंदांपलीकडेही जातो आणि ठेका हातचा जातो.

बदलण्याचे खरे कारण वेगळे आहे. अ‍ॅनालॉग कॉर्डलेस आवाज पाठवताना दाबतो आणि रिसीव्हर तो पुन्हा उलगडतो. या दाबण्या-उलगडण्यात हळुवार जागा, श्वास, स्वर संपतानाची शेपटी यांत बारीक हालचाल ऐकू येते. डिजिटलमध्ये ती भानगड नाही. ठुमरी-गझल गाणाऱ्याला फरक जाणवतो, निवेदकाला जाणवत नाही. तुमचा बँड ठीक असेल आणि आवाजाने तुमचे समाधान असेल तर एवढ्यासाठी घाई नको. त्याआधी माइकचे डोके बदलता येते का ते पाहा. गळ्याला साजेसे डोके बसले की जो बदल होतो, तो अ‍ॅनालॉगवरून डिजिटलवर गेल्याने होणाऱ्या बदलापेक्षा अनेकदा मोठा असतो.

प्रश्न : संगीत नाटकासाठी आठ कॉलर माइक लावायचे आहेत. मागच्या प्रयोगाला भाड्याने आणलेले अ‍ॅनालॉग संच लावले. एकेक तपासला तर उत्तम, आठही लावले की शिट्ट्या, गुरगुर आणि एकाच्या माइकवर दुसऱ्याचा आवाज. शिवाय घामाने दोन माइक मेले. डिजिटलने हे सुटेल का? (सदाशिव पेठ)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगळे आजार आहेत. डिजिटलने त्यांतला एक बरा होतो.

तो एक म्हणजे वारंवारितांचे आपसांतले भांडण. दोन ट्रान्समीटर, म्हणजे माइकचा आवाज पाठवणारी यंत्रे, जवळ आले की त्यांच्या वारंवारिता मिसळून नवी भुते तयार होतात. पहिला माइक ५२० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा ५२१ वर धरा. ५२१ची दुप्पट करून ५२० वजा केले की ५२२, आणि ५२०ची दुप्पट करून ५२१ वजा केले की ५१९. या दोन जागी कोणी नसताना सिग्नल दिसू लागतो. तुमचा तिसरा माइक नीटनेटके अंतर ठेवून ५२२ वर लावला असेल तर तो नेमका भुताच्या मांडीवर बसला. तोच ५२२.६ वर नेला की सुटका. अ‍ॅनालॉगमध्ये म्हणून सारखी अंतरे टाळून आकडेमोड करावी लागते, आणि माइक आठ झाले की ती हाताने होत नाही. चांगल्या डिजिटल ट्रान्समीटरमध्ये ही भुते फारच क्षीण असतात, त्यामुळे वारंवारिता सरळ समान अंतराने मांडता येतात. सेनहायझर ईडब्ल्यू-डीमध्ये ते अंतर ६०० किलोहर्ट्झ आहे. आठ माइक पाच मेगाहर्ट्झच्या आत बसतात.

तरी एक पथ्य पाळा. रंगपटातल्या टेबलावर आठही ट्रान्समीटर चालू करून ढीग लावू नका. तपासणी करताना सगळे चालू, एकमेकांपासून हातभर अंतरावर, मग एक ट्रान्समीटर बंद करून त्याच्याच रिसीव्हरकडे बघा. पट्टी शून्यावर गेली पाहिजे. गेली नाही तर तिथे भूत किंवा बाहेरचा कोणी आहे, तो चॅनल सोडा. आठही जणांचे असे करायला दहा मिनिटे लागतात.

शिट्टी, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारी, हा दुसरा आजार, त्याला डिजिटलचे औषध नाही. कॉलर माइक चहूबाजूंनी ऐकतो. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. आठ उघडे म्हणजे ९ डेसिबल गेले. उपाय जुनाच : ऑपरेटरच्या हातात संहिता, तीवर कोणाचा माइक कुठे उघडायचा याच्या खुणा, आणि ज्याचे वाक्य त्याचाच माइक वर. दोन पात्रे जवळ येऊन बोलू लागली की दोन्ही माइक दोघांचे आवाज पकडतात आणि आवाज डब्यात गेल्यासारखा होतो. तिथे एकच माइक ठेवा, तो दोघांना पुरतो. ‘एकाच्या माइकवर दुसऱ्याचा आवाज’ याचाही बराचसा उलगडा इथेच होईल. हे काम तालमींना न आलेल्या ऑपरेटरकडून होत नाही. निदान रंगीत तालमीला त्याला बसवा, आणि त्याचे त्या दिवसाचे पैसे द्या.

तिसरा आजार घाम. माइक छातीवर लावण्यापेक्षा कपाळाच्या वर, टोप किंवा केसांच्या कडेला लावला तर मान वळली तरी अंतर बदलत नाही आणि दागिन्यांचा खडखडाट टळतो. पण कपाळाचा घाम तारेवरून ओघळत थेट माइकच्या तोंडात शिरतो. म्हणून माइकच्या अलीकडे तारेला छोटा वळसा द्या. थेंब वळशाच्या तळाशी जमून गळून पडतो. तार कानामागून मानेवर आणताना औषधांच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी वापरा, आणि मेकअप करण्याआधी चिकटवा, नंतर नाही. आवाज अचानक गोधडीतून आल्यासारखा झाला तर माइकची टोपी काढून टिपकागदाने टिपा, कोरडी टोपी बसवा. सुट्या टोप्या जवळ असू द्या. केस सुकवायच्या यंत्राची गरम हवा मारू नका, आतला पडदा जातो.

बॉडीपॅक, म्हणजे कॉलर माइकच्या ट्रान्समीटरची डबी, नऊवारीत कंबरेच्या मागे कापडी पट्ट्याने बांधा. पट्टा नेपथ्यवाल्यांकडून नव्हे, कपडेपटाकडून आधीच शिवून घ्या. अँटेना सरळ, मोकळी, उघड्या त्वचेला न टेकलेली असावी. ती दुमडून खोचली की पल्ला निम्म्यावर येतो. पदराची किंवा शेल्याची जरतार खऱ्या धातूची असेल तर ती अँटेनावर ओढली जाणार नाही असे पाहा. बॉडीपॅक घामापासून वाचवायला जगभरच्या नाटकवाल्यांचा उपाय एकच : वंगण नसलेला निरोध. खरेदीला कोणी जायचे यावर तालमीत वाद होतो खरा, पण उपाय बिनतोड आहे.

प्रश्न : कॉर्डलेसमध्ये रिचार्जेबल पेन्सिल सेल चालतात का? आमच्याकडे तासाभरातच ‘बॅटरी लो’ दाखवते. (हडपसर)

उत्तर : चालतात, आणि तेच वापरा. साध्या अल्कलाइन सेलचा दाब १.५ व्होल्ट, रिचार्जेबलचा १.२. ट्रान्समीटरच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार ‘अल्कलाइन’ असेल तर तो १.२ला अर्धमेला समजतो. प्रकार बदला, पट्टी खरी दाखवू लागेल. मात्र रिचार्जेबल सेल शेवटपर्यंत एकसारखा चालतो आणि संपताना झटकन संपतो, तेव्हा एक पट्टी उरली की मध्यंतरात बदलाच. २००० मिलिअँपिअर-तासांच्या वरचे, आणि पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे घ्या. दोनदोनच्या जोड्या करून त्यांवर क्रमांक घाला, जुना-नवा सेल एकत्र घालू नका. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते स्वस्तातले सेल माइकला नकोत. प्रयोग संपला की सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलने खाल्लेला ट्रान्समीटर दुरुस्त होतो क्वचितच.

प्रश्न : नारदीय कीर्तनासाठी हातातला माइक घ्यावा की डोक्याला लावायचा? मागे तबला, पेटी आणि झांज असते. (कसबा पेठ)

उत्तर : कीर्तनकाराचे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे हातातला बाद. कॉलर माइक उपरण्याला घासतो आणि झांज पूर्ण ताकदीने पकडतो. डोक्याला लावायचा घ्या, आणि तो चहूबाजूंनी ऐकणारा नव्हे, समोरूनच ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड जातीचा. तोंडाच्या कोपऱ्यापासून बोटभर बाजूला ठेवा. थेट तोंडापुढे आला की ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. पगडी घालत असाल तर आधी पगडी बसवून मग माइकची डोक्यावरची पट्टी जुळवा. पूर्वरंग संथ आणि उत्तररंगात वरची पट्टी असा आवाजाचा मोठा पल्ला असतो, तेव्हा ट्रान्समीटरची पातळी जयघोषाच्या आवाजाला लावा. बोलण्याला लावली तर जयघोष फाटतो, आणि तिथे फाटलेला आवाज मिक्सरवर कितीही कमी केला तरी फाटकाच राहतो. शाहिरांनाही हेच लागू.

बसून वाजवणाऱ्या तबला-पेटीला कॉर्डलेस कशाला? जो जागचा हलत नाही त्याला तारेचा माइक द्या.

प्रश्न : मंडळाच्या मांडवात मागे एलईडी वॉल आहे. ती चालू केली की कॉर्डलेसचा पल्ला एकदम कमी होतो. अँटेना लांब न्यायला डिश टीव्हीची केबल वापरली, तरी फरक नाही. (शुक्रवार पेठ)

उत्तर : एलईडी वॉलचे वीजपुरवठे आणि आतल्या डेटाच्या तारा मिळून रेडिओचा गोंगाट करतात, आणि तो एका वारंवारितेवर नसतो, चांगला रुंद पसरलेला असतो. वॉल बंद ठेवून रिसीव्हरला चॅनल शोधायला लावले तर तो भलताच चॅनल निवडतो. वॉल चालू, आणि तिच्यावर हलते चित्र, अशा स्थितीत शोध घ्या. नुसती काळी वॉल चालू ठेवणे म्हणजे तपासणी नव्हे.

मग अँटेना वॉलपासून दूर, निदान तीन-चार मीटर. मोठी त्रिकोणी, पाट्यासारखी दिशादर्शक अँटेना घेतली तर ती समोरचे ऐकते आणि मागचे कमी ऐकते. रंगमंचाच्या पुढच्या बाजूला, बाजूच्या खांबांवर, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून गायकाकडे तोंड करून दोन लावा, दोघींत एक-दोन मीटर अंतर ठेवा आणि लोखंडी ट्रसला चिकटवू नका. वॉल गायकाच्या मागे असल्यामुळे अँटेनाचे तोंड तिच्याकडेच राहते, हे टाळता येत नाही. म्हणून त्या थोड्या तिरप्या, बाजूने गायकाकडे बघणाऱ्या ठेवा.

डिशची केबल ७५ ओहमची, माइकच्या अँटेनाला ५० ओहमची लागते. या फरकाने होणारे नुकसान मोठे नसते. खरा घोळ जोडणीत होतो : दोन-दोन अडॅप्टर, हाताने पिळलेली टोके, आत शिरलेले पावसाचे पाणी. पातळ ५० ओहमची आरजी-५८ केबलही या वारंवारितेला दहा मीटरमध्ये साडेतीन डेसिबलच्या आसपास खाते. जाड आरजी-२१३ त्याच्या निम्मे. दहा मीटरच्या पुढे जायचे असेल तर जाड केबलच. पण आमचा सल्ला : अँटेनाची केबल लांबवण्यापेक्षा रिसीव्हरच रंगमंचाजवळ आणा आणि आवाजाची एक्सएलआर लांबवा. ती पन्नास मीटर गेली तरी आवाजाला काही होत नाही.

चार रिसीव्हर लोखंडी रॅकमध्ये मागच्या बाजूला अँटेना ठेवून बसवले असतील तर त्या पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारख्या आहेत. अँटेना पुढे काढा, नाहीतर वाटणी करणारा अँटेना-डिस्ट्रिब्युटर घ्या : दोन अँटेना, चार रिसीव्हर.

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेकडे बेताचे पैसे आहेत. स्वस्तातले आठ घ्यावेत की चांगले दोन? आणि दुकानात तपासायचे कसे? (धनकवडी)

उत्तर : चांगले दोन. वर्षात तीनचार प्रयोगांना आठ लागत असतील तर सहा भाड्याने आणा. भाड्याचे आणताना तुमच्या दोन माइकचा बँड आधी कळवा, म्हणजे तो सोडून दुसरे येतील. दोन घेतले तरी पुढे त्याच मालिकेतले आणखी घेता येतील असा बँड निवडा, आणि सुटा ट्रान्समीटर, सुटा रिसीव्हर, कॉलर माइकची सुटी तार पुण्यात मिळते का ते पैसे देण्याआधी विचारा. तार वर्षभरात तुटतेच. ती तुटली म्हणून अख्खा संच निकामी होऊ नये.

दुकानात ‘हॅलो माइक टेस्टिंग’ने काहीही कळत नाही. दुकानात प्रत्येकच माइक चालतो. चांगला विक्रेता अनामत घेऊन एक दिवस माइक देतो, तो तुमच्या नेहमीच्या नाट्यगृहात न्या. आधी ट्रान्समीटर बंद ठेवून रिसीव्हरची सिग्नलपट्टी पाहा. ती शून्याजवळ नसेल तर चॅनल बदला. मग दिवे, डिमर, राऊटर, जे जे प्रयोगात असते ते सगळे चालू करा. एकाने बॉडीपॅक पाठीला बांधून रिसीव्हरकडे तोंड करून चालायचे, म्हणजे मध्ये त्याचे स्वतःचे शरीर येते. सलग आकडे मोजत रंगमंचाचे चारही कोपरे, दोन्ही विंगा, जिन्याखाली, आणि पात्रे जिथून प्रवेश करतात त्या प्रत्येक दारापर्यंत. दुसऱ्याने रिसीव्हरसमोर बसून पट्टी कुठे घसरते ते कागदावर टिपायचे. हातातल्या माइकने हीच फेरी पुन्हा, पण माइक खालच्या टोकाला मुठीत घट्ट धरून, कारण अँटेना अनेकदा तिथेच असते आणि गाणाराही तिथेच धरतो. वरची जाळी मुठीत धरून एकदा गाऊन पाहा. त्याने कार्डिऑइड माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. तुमच्या गायकांना ती सवय असेल तर कुठलाही माइक घेतला तरी शिट्टी येणार.

रिकाम्या नाट्यगृहात सगळीकडे निदान निम्मी पट्टी मिळाली पाहिजे. कुठे एकच पट्टी दिसली तर भरल्या खुर्च्यांत तिथे आवाज जाईल असे धरा. रिसीव्हर हलवून पुन्हा फेरी मारा, आणि दोनदा हलवूनही तोच कोपरा कच्चा राहिला तर त्या संचाची अनामत परत घ्या.